नऊ वर्षांच्या अंगाची बाहुली

माझी आत्या रेवदंड्याला राहते. परकर-पोलकी, शाळेचे गणवेश, लग्नाचे ब्लाउज शिवण्यात तिचं आयुष्य गेलं. गावातल्या कितीतरी मुली तिच्या पडवीत मशीन चालवायला शिकल्या. मार्गशीर्षात चौलच्या दत्तजत्रेतून तिनं माझ्या सात वर्षांच्या लेकीसाठी एक बाहुली आणली. लांब पायांची, सोनेरी केसांची, चकचकीत झग्यातली. त्याच सुमारास माझ्या भावानं इंग्लंडहून ‘लॉटी’ नावाची बाहुली धाडली. ही नऊ वर्षांच्या मुलीच्या अंगाची. दोघींत बरी कोणती, यावरून आत्याचं आणि माझं चांगलंच वाजलं आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पोरीसाठी खेळणं विकत घेणाऱ्या कुठल्याही घरात हा प्रश्न येतो, म्हणून आमचं बोलणं इथे मांडते आहे.

मी: आत्या, दोघींना शेजारी ठेवून बघ. तुझी उभीच राहत नाही.

आत्या: बाहुलीला उभं राहायचंय कशाला गो? पोर तिला मांडीवर निजवते, काखोटीला मारून अंगणभर फिरते. बाहुली उभी राहते ती शोकेसात.

मी: पण ती का उभी राहत नाही ते तर बघ. तिचे पाय टाचा उचलूनच घडवलेत, उंच टाचांचे बूट बसावेत म्हणून. तू आणलीस ती बार्बी नव्हे, पण घडण बार्बीचीच. अमेरिकेतल्या रूथ हँडलरनं १९५९ साली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी मांडली. तिच्यापुढे नमुना होता लिली नावाच्या जर्मन बाहुलीचा. ती लिली मुळात वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रातली तरुणी, आणि तिची बाहुली निघाली ती मोठ्या माणसांसाठी. तो बांधा नकलेची नक्कल होत आपल्या जत्रेतल्या गाड्यापर्यंत आला. आता ही लॉटी बघ. पाय सपाट. छाती आणि कंबर जवळजवळ एका मापाची. तोंडाला रंगरंगोटी नाही, अंगावर दागिना नाही. लेकीनं नागावच्या ओल्या वाळूत उभी केली तर उभी राहिली.

आत्या: बाईच्या अंगाची बाहुली काय अमेरिकेनं आणली? सावंतवाडीची ठकी विसरलीस? लाकडाच्या एका तुकड्यातून कोरलेली, लुगडं अंगावरच रंगवलेलं, कपाळाला कुंकू. ती बाईच होती. आम्ही बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचो, वरात काढायचो, चुरमुऱ्यांच्या पंगती वाढायचो. पोरींना मोठं व्हायचा खेळ आवडतो. त्यात वाईट काय?

मी: तुझ्या आजीचं लग्न कितव्या वर्षी झालं होतं?

आत्या: दहाव्या. सासरी येताना बोचक्यात बाहुली होती म्हणायची.

मी: मग? शारदा कायदा झाला १९२९ साली. त्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं. त्याआधी बाहुलीचं लग्न लावणारी पोर दोन वर्षांत स्वतःच बोहल्यावर उभी राहायची. खेळ आणि संसार यांत मधे काही शिल्लकच नव्हतं. आज माझ्या लेकीला ते मधलं वय मिळालंय. शाळेचं, सायकलचं, गुडघे फोडून घेण्याचं. तिच्या बाहुलीलाही ते वय असावं एवढंच माझं म्हणणं.

आत्या: ते मला पटतं. पण तू बाहुलीवर फार भार टाकतेस. ठकीला कंबर नव्हती. खांबासारखी सरळ. तिला बघून कुठली पोर ताटावरून उठली नाही. आणि हिला बघूनही उठणार नाही.

मी: इथे मात्र माझ्याकडे पुरावा आहे. इंग्लंडमध्ये हेल्गा डिटमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ते आठ वर्षांच्या १६२ मुलींना चित्रांची पुस्तकं दाखवली. काहींना बार्बीची, काहींना भरल्या अंगाच्या बाहुलीची, काहींना बाहुली नसलेली. मग आपलं अंग आवडतं का, कसं असावंसं वाटतं, असं विचारलं. बार्बी पाहिलेल्या लहान मुलींना आपलं अंग कमी आवडू लागलं होतं आणि बारीक व्हावंसं वाटत होतं. अभ्यास २००६ साली छापून आला.

आत्या: लहान मुलींना म्हणालीस. आणि मोठ्या?

मी: त्यातल्या सर्वांत मोठ्या मुलींवर तसा परिणाम दिसला नाही.

आत्या: आणि बाहुली हातात नव्हती, चित्रं होती. हातात घेऊन खेळणं वेगळं. पोर बाहुलीचं डोकं उपटते, केस कापते, तिला हौदात बुडवते. जिला बुडवलं तिच्यासारखं व्हावंसं कुणाला वाटतं?

आत्याचं हे म्हणणं मला पूर्ण मान्य नाही, पण ते उडवून लावण्यासारखंही नाही. चित्रातली बाहुली आणि रोजच्या वापरात मळलेली बाहुली यांत फरक आहेच. तरी एक गोष्ट राहते. सहा-सात वर्षांचं मूल अंग म्हणजे काय हे हातानं शिकतं. ज्या शरीराला ते रोज न्हाऊ घालतं, पुसतं, कपडे चढवतं, ते शरीर कुणाचं तरी असतं. ते त्या मुलाच्या स्वतःच्या अंगासारखं असेल तर आईला पुढे पुष्कळ गोष्टी सांगायच्या राहत नाहीत.

आत्या: असं वाटणारी तू काही पहिली नसशील.

मी: नाहीच. बार्बी काढणाऱ्या मॅटेल कंपनीनं १९६४ सालीच तिची धाकटी बहीण स्किपर बाजारात आणली, मुलीच्या अंगाची. जपाननं तर १९६७ साली सरळ आपली बाहुली केली, लिका. ताकारा कंपनीची. अकरा वर्षांची, पाचवीत शिकणारी, २१ सेंटिमीटर उंच. बार्बी २९ सेंटिमीटरची. जपानी पोरींच्या हाताला ती मोठी होती आणि त्यांच्या मनालाही. लॉटी फार अलीकडची, २०१२ ची. तिला घडवताना नऊ वर्षांच्या मुलींची खरी मापं घेतली. तिची एक आवृत्ती दुर्बिणीतून तारे बघणारी आहे. ती कॅनडातल्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या कल्पनेतून निघाली, आणि २०१५ च्या डिसेंबरात टिम पीक या ब्रिटिश अंतराळवीराबरोबर अंतराळ स्थानकात गेली. खुद्द मॅटेलनं २०१६ साली बार्बीला तीन नवे बांधे दिले.

आत्या: सगळं झालं. आता मला एक सांग. या सगळ्याजणी गोऱ्याच का?

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आत्याचा रंग काळाभोर आहे, माझ्या लेकीचा गहू भाजल्यासारखा. समोरच्या दोन्ही बाहुल्या गुलाबी. लॉटीच्या कंपनीच्या सावळ्या बाहुल्याही आहेत, पण भावानं जी हाताला लागली ती घेतली. जत्रेत मात्र पर्यायच नव्हता. ढीगभर पिशव्यांत एकच रंग.

मी: केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णी जोडपं, दोघंही मानसशास्त्रज्ञ. त्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णी मुलांपुढे रंग सोडून बाकी सर्व सारख्या बाहुल्या ठेवल्या आणि चांगली कोणती, तुझ्यासारखी कोणती, असं विचारलं. चांगली कोणती म्हटल्यावर बहुतेक मुलांनी गोरी उचलली. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात त्यांच्या कामाचा दाखला आहे.

आत्या: मग अंगाचं माप बरोबर आणि रंग परका, तर अर्धंच काम झालं ना? मी मांजरपाट चहाच्या पाण्यात उकळून बाहुल्या करायची, तुझ्या लहानपणी. मऊ, सावळ्या. त्यातली एक तुझ्याकडे होती.

मी: होती. तिचं नाक तू काळ्या दोऱ्यानं काढलं होतंस.

इथवर आम्ही बाहुलीच्या अंगाबद्दल बोलत होतो. मग आत्यानं चष्मा लावला, जत्रेतल्या बाहुलीचा झगा उतरवला, उलटा केला आणि पडवीच्या उजेडात धरला. पुढचं बोलणं ज्यांना शिवणातलं कळतं त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी तर जास्तच. कारण बाहुली बघून घेणारे आपण तिचे कपडे कधी उलटे करून बघत नाही.

आत्या: बघ, कड दुमडलेलीच नाही. कापड गरम सळईनं कापून सोडलंय. नायलॉन आहे म्हणून कड वितळून बसली, सुती असतं तर दुसऱ्या दिवशी दोरे सुटले असते. बाजूची शिवण बोटभर लांब टाक्यांची. पाठीत उघडायला काही नाही, झगा डोक्यातून ओढायचा. गळा तर एवढासा. पोर ओढणार, फाटणार, रडणार. हा कपडा घालण्या-काढण्यासाठी केलेलाच नाही. पिशवीत छान दिसावा म्हणून केलाय.

मी: आता लॉटीचा बघ.

आत्या: (बराच वेळ बघून) हा शिवलाय कुणीतरी नीट. कड दुहेरी दुमडलीय, टाका बारीक. पाठ वरपासून खालपर्यंत उघडते, वेल्क्रो आहे. सात वर्षांच्या बोटांना जमेल. पण वेल्क्रो आपल्याकडे किती टिकतो? त्यात रेती अडकते, मग बाहुलीचे केस अडकतात, आणि चिकटायचा थांबतो. समुद्राकाठच्या घरात त्याला वर्षाचंही आयुष्य नाही.

मी: मग टिचबटण?

आत्या: खारं वारं. लोखंडी टिचबटण पावसाळा संपेस्तोवर गंजतं आणि कापडावर तांबूस डाग पाडतं, तो मग निघत नाही. मी सुयासुद्धा तेलाच्या फडक्यात ठेवते, तुला माहीत आहे. इलॅस्टिकही सैल पडतं. इथे टिकते ती नाडी. बाळाच्या झबल्याची असते तशी, पाठीत दोन जागी बांधायची. आणि पोर गाठ मारायला शिकते.

मी: लॉटीचे कपडे बघून मला आणखी एक सुख वाटलं. रेनकोट, गुडघ्यापर्यंत बूट, शाळेचा गणवेश. करण्यासारखं काही आहे त्यात. झगा घालून नुसतं मिरवायचं नाही.

आत्या: रेनकोट कशाला? इरलं करून दे तिला. पळसाची पानं नि बांबूच्या चार काड्या. आमची आई शेतात इरलं घेऊनच लावणीला जायची. लेकीला विचार इरलं म्हणजे काय. ठाऊक नसणार.

मी: ठाऊक नाही. हे करूया.

आत्या: आणि विकतचे कपडे घेऊच नकोस. तिथेच कंपन्या तुला धरतात.

याला इतिहासाचा आधार आहे. पहिली बार्बी तीन डॉलरला मिळायची आणि तिचे कपडे एक डॉलरपासून पाच डॉलरपर्यंत. म्हणजे झगा बाहुलीपेक्षा महाग असू शकत होता. बाहुली एकदा घरात गेली की मिळकत कपड्यांत होती. ब्रिटनच्या पेडिग्री कंपनीनं १९६३ साली सिंडी आणली, तिची जाहिरातच कपडे घालायला आवडेल अशी बाहुली म्हणून होती. आणि हे मी आत्याला मुद्दाम सांगितलं, की बार्बीचे ते सुरुवातीचे बारीक बारीक कपडे जपानात शिवले जात, घराघरांतल्या बायका ते शिवत. शार्लट जॉन्सन ही त्यांची रचनाकार त्यासाठी टोकियोत जाऊन राहिली होती. इवल्याशा बाह्या, इवली बटणं, अस्तर लावलेले कोट. नाव अमेरिकन बाहुलीचं झालं, डोळे मात्र जपानी बायकांनी शिणवले.

आत्या: आणि दाम किती मिळाला असेल त्यांना? घरी बसून शिवणाऱ्या बाईला कुठेही कमीच मिळतं. आपलं चौल एके काळी रेशमी कापडासाठी देशोदेशी नावाजलेलं होतं, जहाजं भरून माल जायचा. विणणाऱ्याचं नाव कुठे राहिलंय?

मी: मग आपणच शिवू. तू शिवशील का लॉटीला?

आत्या: शिवीन, पण तुला वाटतं तेवढं सोपं नाही ते. नऊ वर्षांची पोर साधारण १३० सेंटिमीटर, ही १८. म्हणजे सातवा हिस्सा. माप सातव्या हिश्शाचं कापता येतं, पण कापडाची जाडी सातवा हिस्सा होत नाही. तिथेच सगळं अडतं. आपल्या ब्लाउजचं रुबिया तिच्या अंगावर घोंगडीसारखं ताठ उभं राहतं. मलमल हवी, किंवा धुऊन धुऊन विरलेलं धोतर. कड दुहेरी दुमडली तर वळकटी दिसते, म्हणून एकेरी दुमडून हेम घालायची. खणाचं कापड तर नकोच, त्याचा नुसता काठ घे परकराच्या घेराला. आणि छापील असेल तर ठिपका मोहरीएवढा. आपल्या मापाचं फूल तिच्या पोटावर आलं की तेवढंच दिसतं.

मी: नऊवारी नेसवता येईल?

आत्या: हिशोबानं सव्वा मीटरच्या आत येते. पण तेवढं कापड कमरेला गुंडाळलं की पोर ढोल दिसेल. निम्मी कर, काष्टा आधीच शिवून घे, कोळणी नेसतात तसा गुडघ्यापर्यंत. गौरीला साडी नेसवताना आपण करतो तेच. आत दोन टाके, बाहेरून चुण्या. ज्या बाईनं गौर उभी केलीय तिला बाहुली सजवायला शिकवावं लागत नाही.

मी: म्हणजे तुला ही बाहुली आवडली.

आत्या: अंग चांगलं आहे, शिवायला सोपं. तुझ्या त्या बार्बीच्या बांध्याला कंबरेत चिमटे घ्यावे लागतात, छातीला घ्यावे लागतात, मग सात वर्षांची पोर शिवणार कशी? हिला झबल्याचा कट बसतो. एक सरळ तुकडा, गळ्याला गोल, दोन बाजूंना टिपा. वर्तमानपत्राचा कागद अंगाला लावला की माप निघतं. पहिला कपडा पोर स्वतः शिवेल धावदोऱ्यानं. एवढ्यापुरतं तुझं खरं.

मुलीचं अंग असलेली बाहुली बरी, हे मी एवढा वेळ मनाच्या बाजूनं सांगत होते. आत्यानं ते शिवणाच्या बाजूनं सिद्ध केलं. सरळ अंगाला सरळ कपडा लागतो, आणि सरळ कपडा मुलाच्या हातून होतो. मला ही गोष्ट त्या इंग्लंडच्या अभ्यासाइतकीच मोलाची वाटते.

मी: मग घेताना कोणती घ्यायची? लॉटी सगळ्यांच्या भावानं धाडावी असं काही नाही.

आत्या: तेच तर. तुझी लॉटी कुणाला परवडणार? जत्रेतली दोनशेच्या आत आली. आमच्या कोळीवाड्यातली आई तेवढेच काढते कनवटीतून, तेही वर्षाच्या जत्रेलाच.

मी: बाहेरून येणारी बाहुली इथे स्वस्त होणं कठीण आहे. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ साली ७० वर. इथल्या कारखान्यांना त्यानं बळ मिळालं, ते हवंच होतं. पण मुलीच्या अंगाच्या चांगल्या बाहुल्या आपल्याकडे फार होत नाहीत. बार्बीच्या सगळ्यांत धाकट्या बहिणीच्या मापाच्या, १४-१५ सेंटिमीटरच्या मिळतात. त्या लहान मुलीच्या अंगाच्या आहेत आणि मोठ्या बार्बीपेक्षा बऱ्याचदा कमी पैशांत येतात. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून साध्या खेळण्यांवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्के झालाय.

आत्या: मग तसली बाहुली जत्रेत कोण ठेवतंय? आणि जत्रेतल्या बाहुलीत तुला दोष एवढाच दिसतो का, अंगाचा?

मी: नाही. मोठा दोष वेगळाच आहे. पिशवी आण ती. आयएसआय शिक्का कुठे आहे?

आत्या: नाही दिसत.

मी: २०२१ च्या १ जानेवारीपासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर तो सक्तीचा आहे. शिक्क्याच्या वर आयएस ९८७३ असा मानकाचा आकडा आणि खाली सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या ॲपवर टाकला की खरा की खोटा कळतं. हे मऊ डोकं आणि हात पीव्हीसीचे. पीव्हीसी मऊ करायला त्यात थॅलेट नावाची द्रव्यं घालतात. काही थॅलेटांवर मर्यादा घातली आहे, कारण मुलं खेळणं तोंडात घालतात. शिक्का नसलेल्या बाहुलीत काय आहे ते आपल्याला कळायला मार्ग नाही. उन्हात ठेवली की ती चिकट होते, ते त्यातलंच काहीतरी बाहेर येत असतं.

आत्या: आणि माझी चहाच्या पाण्यातली कापडी? तिच्यावर कुठला शिक्का?

मी: हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या खेळण्यांना शिक्क्याची सक्ती नाही. त्यात सावंतवाडीचे चितारी येऊ शकतात, तुझ्यासारखी बाई येऊ शकते. पण नोंदणी हवी.

आत्या: म्हणजे मी करून दिलेली घरात चालते. विकायची तर कागद.

मी: हो.

आत्या: मग माझं म्हणणं ऐक. दोन्ही नको. पोरीला कापडाची बाहुली करून दे. सावळी, तिच्या रंगाची, तिच्या अंगाची. मळली तर धुता येते. तुझी प्लॅस्टिकची धुतलीस की केसांत पाणी राहतं, वास मारते. लेकीनं जत्रेतलीला खोबरेल लावलंय, आता तो चिकटा जाणार नाही. केस तरी बघ, कडेला तेवढे टोचलेत, मधे टक्कल. वेणी घातली की उघडं पडतं.

मी: लॉटीचे सगळीकडे आहेत.

आत्या: असू देत. पण तिला निळा झगा घालू नकोस, रंग अंगाला लागेल. गडद लाल, गडद निळं कापड दमट हवेत प्लॅस्टिकवर उतरतं. आधी मिठाच्या पाण्यात धुऊन घे, तरी भरवसा नाही.

मी: कापडी बाहुली मला आवडते, पण तिला सांधे नाहीत. बसत नाही, सायकलवर चढत नाही, हातात काही धरत नाही. आणि खरं सांगू, वर्गातल्या इतर मुलींकडे आहे तशी काहीतरी एक पोरीला हवी असते. त्या हौसेला मी लहान समजत नाही.

आत्या: हौस समजते मला. म्हणून तर जत्रेतून आणली.

इथे आमचं बोलणं थांबलं. आत्या अजून म्हणते की बाहुली घरी करावी, मी म्हणते की घ्यावी पण नीट बघून. माझा निकाल असा आहे. लॉटी चांगली बाहुली आहे. तिचं अंग, तिचे पाय, तिच्या कपड्यांची शिवण, सगळं मुलीचा विचार करून केलेलं आहे. पण आपल्याकडे ती सर्वांना परवडणारी नाही, म्हणून तिच्या नावासाठी अडून बसू नये. मुलीच्या अंगाची, सपाट पायांची, पायावर उभी राहणारी, आयएसआय शिक्क्याची आणि शक्य झालं तर सावळी, अशी जी परवडेल ती एक घ्यावी. जत्रेतली उंच टाचांची, शिक्का नसलेली बाहुली मी लेकीला पुढे खेळायला दिली नाही, आत्या रागावली तरी. तिच्या प्रेमाला मी नाही म्हटलेलं नाही, त्या प्लॅस्टिकला म्हटलं आहे. आणि कंपनीच्या कपड्यांवर एक रुपया खर्च करू नये. कातरण प्रत्येक शिंप्याकडे असतं, मागितलं तर फुकट देतात.

ज्या बायका अलिबाग, नागाव, काशीद, मुरूडच्या किनाऱ्यावर शंखशिंपल्यांच्या वस्तू आणि कोकम-आगळ विकतात, ज्या बचत गटांत शिवणयंत्रं आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. बाहुलीचे कपडे शिवायला घ्या. मलमलीचं झबलं, खणाच्या काठाचा परकर, कोळी काष्टा, शाळेचा गणवेश, पळसाचं इरलं. किनाऱ्यावर मुंबई-पुण्याहून येणाऱ्या घरांत अशा बाहुल्या आहेत आणि त्यांना घालायला आपल्याकडचं काही मिळत नाही. वेल्क्रो आणि लोखंडी टिचबटण टाळा, नाडी लावा. गडद रंग आधी धुऊन घ्या. विकण्याआधी नोंदणीचं आणि शिक्क्याचं काय ते तालुक्याच्या कचेरीत नीट विचारून घ्या. आणि प्रत्येक पिशवीवर माप ठळक लिहा: उंची १८ सेंटिमीटर, मुलीच्या अंगाची.